शंभर कशाला, पन्नास कशाला, एक तरी कशाला?

या अंकातले सगळे प्रश्न शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वर आहेत. ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. ऐंशी ओलांडलेला ब्रिटनचा राजा लिअर तीन मुलींत राज्य वाटायला बसतो आणि जिचे प्रेम जास्त तिला मोठा वाटा, असे म्हणतो. गॉनरिल आणि रीगन गोड बोलतात. धाकटी कॉर्डेलिया बोलत नाही, म्हणून तिला काहीच मिळत नाही. थोरल्या दोघी त्याला हळूहळू दाराबाहेर काढतात. वादळात त्याची बुद्धी चळते. कॉर्डेलिया फ्रान्सहून सैन्य घेऊन येते, हरते आणि कैदेत मरते. तिच्या प्रेताजवळ लिअरही मरतो. याला समांतर सरदार ग्लॉस्टरची कथा आहे: तो अनौरस मुलगा एडमंडवर विश्वास ठेवतो, औरस मुलगा एडगरला परागंदा करतो आणि शेवटी डोळे गमावतो.

आमच्या भागात हयातीत वाटण्या न करणाऱ्यालाच लोक नावे ठेवतात. वर्गात मात्र ‘राज्य वाटले ही लिअरची चूक’ असे शिकवले जाते. नेमकी चूक कोणती?
— निवृत्त शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव

नाटकाचे पहिले संवाद पुन्हा वाचावेत. राजा रंगमंचावर येण्याआधी सरदार केंट आणि ग्लॉस्टर बोलत असतात की दोन्ही जावयांचे वाटे इतके तोलून काढले आहेत की कोणाचा उजवा ते कळत नाही. म्हणजे नकाशावर रेघा आधीच ओढून झाल्या आहेत. पुढे गॉनरिलचे बोलणे संपते न संपते तोच लिअर तिचा वाटा जाहीर करतो, बाकीच्या दोघींचे ऐकून न घेताच. खरी चढाओढ असती तर तिघींचे ऐकून मग वाटे पडले असते. त्यामुळे ही परीक्षा नव्हेच. भरल्या दरबारात स्वतःचे कौतुक ऐकण्याचा तो सोहळा आहे.

वाटणीमुळे राज्य दुभंगले आणि युद्ध झाले, हे खरेच. पण शोकात्मिकेचे मूळ आम्हाला दोन गोष्टींत दिसते. पहिली म्हणजे त्याला कारभार सोडायचा आहे, मान सोडायचा नाही. राजा हे नाव, शंभर शिलेदार आणि दोघी मुलींकडे महिन्या-महिन्याने राहणे, एवढे तो स्वतःकडे ठेवतो. आपल्याकडे आई-वडिलांना भाऊ पाळीने ठेवून घेतात, तसाच हा करार. पाळी बदलायच्या दिवशी म्हाताऱ्याचे गाठोडे उचलताना जे घडते ते चारशे वर्षांपूर्वीच्या या नाटकात जसेच्या तसे आहे: एकीकडे भांडण झाले की दुसरीकडे धाव, आणि दुसरीचे म्हणणे की तुमची पाळी अजून यायची आहे, माझ्या घरात तयारी नाही.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. त्याने प्रेमाला माप लावले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तेच माप त्याच्यावर उलटते. गॉनरिलने शंभरातले पन्नास कमी केले आहेत. रीगन म्हणते, पंचवीसच आणा. तेव्हा लिअर गॉनरिलकडे वळून म्हणतो, तुझे पन्नास म्हणजे हिच्या पंचविसाच्या दुप्पट, म्हणून तुझे प्रेमही दुप्पट. इतका अपमान होऊनही तो अजून शिलेदार मोजून प्रेम मोजतो आहे. मग गॉनरिल विचारते, पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला? रीगन शेवटचा घाव घालते: एक तरी कशाला? वर्गात हा प्रवेश शिकवताना फळ्यावर आकडे एकाखाली एक लिहावेत: १००, ५०, २५, १०, ५, १. निम्मे काम तिथेच होते.

आपण हयातीतल्या वाटण्यांचा विषय काढलात म्हणून एक वेगळी, पण उपयोगाची माहिती. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या केंद्रीय कायद्यात कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र किंवा अन्य हस्तांतर केले आणि घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर ते रद्द ठरवून मागता येते. कर्नाटकात हा अर्ज असिस्टंट कमिशनरांच्या न्यायाधिकरणापुढे जातो. अट दस्तातच लिहिलेली असेल तर अर्जाला बळ येते. तोंडी भरवशावर केलेल्या दस्तांत पुढे अडचण होते. लिअरने अट घातली होती, पण भर दरबारात आणि तोंडी.

बी.ए.ला प्रश्न आहे: ‘दुःखातून लिअरला आत्मज्ञान होते, चर्चा करा.’ गाईडमध्ये लिहिले आहे की तो आंधळा होता, दुःख भोगले आणि शहाणा झाला. पण शहाणा होऊन उपयोग काय झाला? मी काय लिहू?
— विद्यार्थिनी, निपाणी

तुमची शंका हीच उत्तराची सुरुवात करा. गाईडमधली सरळ रेघ नाटकात नाही. लिअरला जे दिसते ते तुकड्यातुकड्यांनी दिसते, पुन्हा झाकले जाते, पुन्हा दिसते. आणि दिसले म्हणून गमावणे थांबत नाही.

लिहायला बसण्याआधी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: काय गेले, काय दिसले, काय अजून दिसत नाही. तिसरा रकाना बहुतेकांच्या उत्तरात नसतो, आणि तिथेच चांगले उत्तर वेगळे उठून दिसते.

आता प्रवेश घ्या. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात लिअर गॉनरिलच्या नोकराला विचारतो, मी कोण? नोकर उत्तर देतो, ‘माझ्या बाईसाहेबांचे वडील.’ हुद्दा गेला. त्याच प्रवेशात तो सगळ्यांना विचारतो, मी कोण हे मला कोण सांगेल? तिथे त्याच्या तोंडी अजून संताप आहे, पण प्रश्न अगदी बरोबर पडला आहे. पाचव्या प्रवेशात राजाचा दरबारी विदूषक थट्टा करत असताना मधेच लिअर म्हणून जातो की मी तिच्यावर अन्याय केला. इंग्रजीत ती चार शब्दांची ओळ आहे, तिच्यात नावही नाही. कॉर्डेलियाबद्दल त्याला झालेली ही स्पष्ट जाणीव वादळाच्या कितीतरी आधीची आहे. ‘वादळात त्याचे डोळे उघडले’ असे लिहिणाऱ्यांचे इथे चुकते.

तिसऱ्या अंकात छप्पर जाते. दुसऱ्या प्रवेशात तो अजून स्वतःचेच दुःख मांडतो: मी केले त्याहून माझ्यावर झालेले पाप मोठे आहे. पण त्याच प्रवेशात तो विदूषकाला विचारतो, बाळ, तुला थंडी वाजते का? मलाही वाजते. नाटकात इतका वेळ बोललेल्या या माणसाने दुसऱ्याच्या अंगाची अशी चौकशी आधी कुठे केली आहे, शोधून पाहा. चौथ्या प्रवेशात झोपडीच्या दाराशी तो विदूषकाला आधी आत जायला सांगतो आणि बाहेर उभा राहून उघड्यानागड्या गरिबांसाठी प्रार्थना करतो: पोट रिकामे, कपड्यांना भोके, अशा रात्री तुम्ही कसे तगत असाल? मी याची फार कमी काळजी घेतली. राजा म्हणून आपले काय चुकले हे त्याने इथे पहिल्यांदा उच्चारले.

आता तिसरा रकाना. या प्रार्थनेनंतर लगेच वेड्या भिकाऱ्याच्या वेषातला एडगर बाहेर येतो आणि लिअर त्याला विचारतो, मुलींना सगळे देऊन टाकलेस म्हणून तुझी ही दशा झाली का? गरिबाचे दुःख दिसले, पण ते पुन्हा स्वतःच्याच साच्यात ओतले. चौथ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशातही तेच. ‘लोक म्हणत मी म्हणजे सर्वस्व, ते खोटे आहे, मला हिवताप चुकत नाही,’ हे तो तिथे बोलतो, फाटक्या कपड्यांतून लहान पाप दिसते आणि उंची झग्याखाली सगळे झाकते, हेही बोलतो. पण जावयांवर चालून जाण्याच्या बेतात ‘मारा’ हा शब्द सहा वेळा ओरडणाराही तोच. सूड आणि समज एकाच प्रवेशात शेजारी उभ्या आहेत.

सातव्या प्रवेशात तो कॉर्डेलियापुढे गुडघे टेकू पाहतो. विष दिलेस तरी पिईन, बहिणींना कारण नव्हते, तुला आहे, असे म्हणतो. ती म्हणते, काही कारण नाही. पहिल्या अंकात याच मुलीने ‘काही नाही’ म्हटले होते आणि राज्य पेटले होते. मराठीत वाचताना हे दोन नकार जोडून दिसतात, त्याचा फायदा घ्या.

दहा गुणांच्या उत्तरात चार प्रवेश पुरेत. प्रत्येकी एकच छोटे अवतरण द्या, सात-आठ शब्दांचे. ॲरिस्टॉटलच्या संज्ञा एका परिच्छेदात उरका: हॅमार्शिया म्हणजे प्रमाद, पेरिपेटिया म्हणजे विपर्यय (परिस्थिती उलटणे), अनॅग्नोरिसिस म्हणजे अभिज्ञान, न जाणण्याकडून जाणण्याकडे जाणे. संज्ञांच्या व्याख्येत पानभर गेले की लिअरला जागा उरत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कथानक सांगत बसणे. परिच्छेदाचे पहिले वाक्य ‘मग लिअर...’ असे सुरू झाले तर ते खोडा.

शेवटी तुमचा प्रश्न लिहा आणि उत्तरही द्या. उपयोग झाला का? राज्याच्या हिशेबाने नाही. पण पहिल्या अंकातला लिअर मेला असता तर आपल्या कोणत्या मुलीचे प्रेम कसले होते हे न कळताच मेला असता. ते कळल्यामुळे कॉर्डेलियाचे मरण त्याला जास्त लागते, कमी नाही. दुःखाची भरपाई म्हणून ज्ञान मिळते असे शेक्सपिअर म्हणत नाही, हे तुमच्या उत्तराचे मुख्य विधान ठेवा.

‘नथिंग’ आणि ‘नेव्हर’ यांना मराठीत काय म्हणावे?
— वाचक, चिकोडी

पहिल्यासाठी ‘काही नाही’. संस्कृतातला कोणताही भारदस्त शब्द घालू नये. मुलगी बापाला रोज देते ते उत्तर आहे ते, त्यातच त्याची धार आहे. विदूषक पुढे राजाला आकड्याविना शून्य म्हणतो. तिथे आपला ‘शून्य’ हा शब्द हक्काने वापरा. एकापुढचे शून्य दहा करते, एकट्याचे काही होत नाही, हे पाढे म्हटलेल्या कोणालाही कळते.

‘नेव्हर’ हा शब्द 1623 च्या छापील प्रतीत शेवटच्या प्रवेशातल्या एका ओळीत पाच वेळा आहे, दुसरे काहीच नाही. ‘कधीच नाही’ पाच वेळा म्हटले की जीभ अडखळते आणि गाणे होते. ‘नाही’ हे पाच वेळा, प्रत्येक वेळी श्वास घेऊन, चालेल. नटाने आवाज चढवत नेऊ नये. चौथ्या ‘नाही’पर्यंत लिअरला पटलेले नसते, असे धरून म्हणून पाहावे.

आम्ही गणेशोत्सवात गावच्या मांडवात लिअरचे वीस-पंचवीस मिनिटांचे रूपांतर करणार आहोत. वादळ कसे करावे? आणि एडगर इतक्या भाषा बोलतो त्याचे काय?
— नाट्यमंडळ, खानापूर तालुका

चार तुकडे निवडा: वाटणी (सात मिनिटे), शंभरावरून शून्यापर्यंत (पाच), झोपडीचे दार (सहा) आणि बापलेकीची भेट (पाच). बाहेरचे वादळ आणि आतले पडझडीचे टप्पे यांत येतात. शेवटचा मृत्यू वीस मिनिटांत बसवू नका. तिथपर्यंत प्रेक्षकांनी लिअरबरोबर पुरेशी वाट चाललेली नसते आणि प्रसंग नुसता आरडाओरडा वाटतो.

वादळासाठी मोबाइलवरचा आवाज टाळा. तो एकसारखा वाजत राहतो आणि नटाच्या थांबण्याशी जुळत नाही. सपाट गॅल्व्हनाइज पत्रा घ्या, साधारण सहा फूट बाय तीन फूट, पातळ. वरच्या कडेला लाकडी पट्टी ठोकून दोन दोरांनी मोकळा टांगा, खालच्या कडेला धरायला मूठ लावा. हळू हलवला की दूरचा गडगडाट, झटका दिला की वीज. छपराचा पन्हळी पत्रा चालत नाही. पन्हळींमुळे तो ताठ होतो, थरथरत नाही, नुसता खडखडतो. पावसासाठी सुपात वाटाणे किंवा हरभरे घेऊन गोल फिरवा, सुपाच्या तोंडाशी माइक. शेक्सपिअरच्या काळी ढोल आणि लाकडी पन्हाळीतून घरंगळवलेला लोखंडी गोळा वापरत. तत्त्व तेच: आवाज माणसाच्या हातात असतो, म्हणून तो नटाकडे बघून थांबतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे संवादाखाली गडगडाट ठेवणे. पत्रा वाक्य संपल्यावर वाजवा, मधे नाही. लिअर वादळाला आव्हान देतो, वादळ उत्तर देते, असा सवाल-जवाब बसवा. झोपडीच्या प्रार्थनेला पत्रा पूर्ण बंद आणि फक्त सूप, तेही अगदी हळू. भाद्रपदात तुमच्याकडे खरा पाऊस पत्र्याच्या मांडवावर आला तर सगळे गणित बिघडेल, म्हणून प्रार्थनेच्या वेळी लिअरला प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपर्यंत पुढे आणण्याची तालीम करून ठेवा. रंगमंचावर पाणी ओतू नका. खाली वायरी असतात आणि ओल्या फळीवर म्हातारा चालणारा नट घसरतो. लिअरचा सदरा आधी पिळून ओला करून घाला, तेवढे पुरते.

कपडे फाडण्याच्या जागी कॉलर माइक असेल तर फाडण्याचा खरखराट अख्ख्या मांडवात घुमतो. वरून टांगलेले दोन माइक बरे.

एडगरचे म्हणाल तर ही खरी श्रीमंती आहे. मूळ नाटकात तो सरदारपुत्राची भाषा सोडून भिकाऱ्याची बडबड बोलतो आणि पुढे एका मारामारीत चक्क खेडुताच्या बोलीत बोलतो. त्या जागी पुणेरी ‘ग्रामीण’ भाषा आणू नका. तुमच्याजवळ चंदगडी वळणाची, कन्नडचे हेल घेतलेली बोली घरातच आहे. ती विनोदासाठी वापरू नका, जशी आजी बोलते तशी बोलू द्या. घर, नाव आणि शेवटी जीभसुद्धा टाकावी लागलेला मुलगा, असा एडगर त्यातून उभा राहील.

डोळे गेल्यावर ग्लॉस्टरला शहाणपण येते. मग दोन कथा कशाला? एकच गोष्ट दोनदा सांगितली असे वाटते.
— ग्रंथालय वाचकगट, बेळगाव

एकच गोष्ट नाही, वेग वेगळा आहे. ग्लॉस्टरला खुर्चीला बांधतात, दाढी उपटतात, डोळे काढतात. तो एडमंडला हाक मारतो तेव्हा रीगन सांगते की तुला पकडून देणारा तोच. पुढच्याच वाक्यात ग्लॉस्टर म्हणतो, मग एडगरवर अन्याय झाला, देवांनो मला क्षमा करा आणि त्याचे भले करा. एका वाक्यात सगळे कळले. लिअरला ज्यासाठी साडेतीन अंक लागतात ते याला एका क्षणात. कारण ग्लॉस्टरला फक्त एक खोटी बातमी दुरुस्त करायची आहे. लिअरला स्वतःबद्दलची समजूत मोडायची आहे.

पण लवकर कळले म्हणून ग्लॉस्टरला आधार मिळत नाही. चौथ्या अंकाच्या आरंभी तो म्हणतो, डोळे होते तेव्हाच मी ठेचकाळलो. आणि थोड्याच वेळात म्हणतो की पोरे माश्यांना मारतात तसे देव आपल्याला मारतात. समज आणि निराशा एका प्रवेशात. त्याच प्रवेशात तो आपली थैली भिकाऱ्याला देतो आणि म्हणतो, ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांच्याकडून वाटले जावे म्हणजे प्रत्येकाला पुरेल. लिअरच्या झोपडीपुढच्या प्रार्थनेशेजारी हे ठेवून वाचा. दोन म्हातारे, दोन वेगळ्या वाटांनी, एकाच ठिकाणी पोचले आहेत.

डोव्हरच्या कड्याचा प्रवेश करणे अवघड आहे. जमीन सपाट आहे आणि एडगर आंधळ्या बापाला सांगतो की आपण कड्याच्या टोकाशी आहोत, खाली मासेमार उंदरांएवढे दिसतात. ग्लॉस्टर उडी टाकतो, तिथल्या तिथे पडतो. मग एडगर दुसऱ्या आवाजात म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडून वाचलास, हा चमत्कार आहे. प्रेक्षक हसले तर नटाची चूक नाही, पडण्याची घाई झाली असते. ग्लॉस्टरने आधी गुडघे टेकून देवांचा निरोप घ्यावा, ते संथ व्हावे, मग पुढे झुकून पडावे. एडगरने उपकार केला की खेळ केला, यावर आमचे मत असे की दोन्ही. बापाचा जीव त्याने वाचवला, पण आपण कोण हे शेवटपर्यंत लपवले. नंतर तो स्वतःच याला आपली चूक म्हणतो. ओळख दिल्यावर हर्ष आणि शोक यांच्या ओढाताणीत बापाचे काळीज फुटते, आणि तो हसतच मरतो, असे त्याच्याच तोंडून कळते.

विदूषक मधेच कुठे गेला?
— वाचक, नंदगड

तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशानंतर तो दिसत नाही आणि कोणी विचारतही नाही. राजाला कडू खरे सांगणे हे त्याचे काम होते. त्यानंतर लिअर ते स्वतःच बोलू लागतो. हा अर्थ आम्हाला पटतो, मात्र नाटक तसे कुठे म्हणत नाही.

माझ्या पुस्तकात शेवटचे भाषण एडगरचे आहे, मैत्रिणीच्या पुस्तकात गॉनरिलच्या नवऱ्याचे, ऑल्बनीचे. शिवाय तिच्या पुस्तकात वेडा लिअर मुलींवर खटला चालवतो, माझ्यात तो प्रसंगच नाही. छपाईची चूक का?
— विद्यार्थिनी, खानापूर

चूक नाही. नाटकाच्या दोन जुन्या छापील प्रती आहेत: 1608 चा क्वार्टो आणि 1623 चा फोलिओ. क्वार्टोत फोलिओपेक्षा सुमारे तीनशे ओळी जास्त आहेत, फोलिओत क्वार्टोत नसलेल्या सुमारे शंभर. खटल्याचा प्रसंग फक्त क्वार्टोत आहे. शेवटचे भाषण क्वार्टोत ऑल्बनीचे, फोलिओत एडगरचे. बऱ्याच आवृत्त्या दोन्ही एकत्र करून छापतात. प्रस्तावनेत संपादकाने कोणती प्रत घेतली ते बघा आणि उत्तरपत्रिकेत एकाच आवृत्तीचे प्रवेश-क्रमांक वापरा. चौथ्या अंकातले क्रमांक पुस्तकागणिक एकाने पुढेमागे होतात, कारण फोलिओत तिथला एक अख्खा प्रवेश नाही. आम्ही या पानावर एकत्रित आवृत्तीचे क्रमांक दिले आहेत.

‘नटसम्राट’ म्हणजे मराठी लिअरच ना?
— वाचक, येळ्ळूर

वि. वा. शिरवाडकरांच्या 1970 च्या नाटकामागे लिअर आहे, पण ते रूपांतर नाही. अप्पा बेलवलकरांना एक मुलगा, एक मुलगी. कॉर्डेलिया नाही, आणि बायको आहे. लिअरच्या नाटकात राणी कुठेच नाही. कॉर्डेलिया नसल्यामुळे ‘मी हिच्यावर अन्याय केला’ हे ओझे अप्पांच्या डोक्यावर येत नाही. ते दुखावलेले आहेत, लिअर दुखावलेला आहे आणि अपराधीही. परीक्षेत दोन्हींची तुलना करायची तर हा फरक आधी मांडा. मूळ नाटक मराठीतून वाचायचे असल्यास विंदा करंदीकरांचा अनुवाद आहे.

कॉर्डेलियाने कोणाचे काय वाईट केले? ती का मरते? हे वाचून मला दोन दिवस बरे वाटले नाही.
— गृहिणी, शहापूर, बेळगाव

तुमच्यासारखेच अनेकांना वाटत आले आहे. अठराव्या शतकातले थोर समीक्षक सॅम्युअल जॉन्सन यांना तिच्या मृत्यूचा इतका धक्का बसला होता की संपादनाचे काम येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचवले नाहीत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. नेहम टेट या लेखकाने 1681 मध्ये शेवटच बदलला: लिअर जगतो, त्याला राज्य परत मिळते, कॉर्डेलियाचे एडगरशी लग्न होते आणि विदूषक नाटकातून गायब. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षे हेच चालले. एडमंड कीन या नटाने 1823 मध्ये दुःखान्त शेवट परत आणून पाहिला, आणि मॅक्रेडी या दुसऱ्या नटाने 1838 मध्ये विदूषकासह शेक्सपिअरचे नाटक पुन्हा उभे केले.

शेक्सपिअरच्या आधीही इंग्रजीत या राजावर एक नाटक होते, त्यात राजा गादीवर परत बसतो. म्हणजे जुनी कथा माहीत असलेला प्रेक्षक कॉर्डेलिया वाचेल असे धरूनच बसलेला असणार. शेक्सपिअर ती आशा शेवटपर्यंत वाढवत नेतो. मरणाच्या दारातला एडमंड सांगतो की तिला मारण्याचा हुकूम मी दिला आहे, धावा. पण हे तो फार उशिरा सांगतो. ऑल्बनी म्हणतो, देव तिचे रक्षण करोत. आणि पुढच्याच क्षणी लिअर तिचे प्रेत हातांवर घेऊन येतो. प्रार्थना आणि उत्तर यांत एका श्वासाचेही अंतर नाही.

तिच्या चुकीची ही शिक्षा आहे, पहिल्या अंकात ती जरा ताठ बोलली, असे काही पुस्तकांत लिहिलेले असते. आम्हाला ते मान्य नाही. तिच्या मरणाला न्यायाच्या हिशेबात बसवले की तुम्हाला दोन दिवस जे वाटले ते पुसून टाकल्यासारखे होते, आणि ते वाटणे हेच नाटकाचे बरोबर वाचन आहे.

पुन्हा वाचवले तर एवढेच करा. फोलिओची प्रत घ्या आणि बटणाच्या दोन जागा शोधा. तिसऱ्या अंकात वेडाच्या भरात लिअर अंगावरचे कपडे ओरबाडतो आणि हुकूम सोडतो: चल, बटण काढ. तिथे तो अजून राजाच आहे, कोणीतरी बटण काढायला हवे. शेवटच्या प्रवेशात कॉर्डेलियाच्या ओठांपाशी आरसा धरून झाला आहे, पीस धरून झाले आहे, पाच वेळा ‘नाही’ म्हणून झाले आहे. मग तो जवळच्या कोणाला तरी म्हणतो, एवढे बटण काढता का. कोणीतरी काढते. आणि ऐंशी ओलांडलेला राजा त्या माणसाला म्हणतो, आभारी आहे.